ब्लँकेटातला तमंचा

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना तमंचा आहे खरा, पण माझ्या नळीत आता दारू नाही आणि गोळीही नाही. तमंचा म्हणजे ठासणीचे लहान पिस्तूल. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग गोळी टाकायची, मग लोखंडी गजाने सगळे ठासायचे, आणि एवढे झाल्यावर एकदाच बार उडायचा. तोवर शत्रू चहा पिऊन घरी गेलेला असेल, असे मला पाहणारे लोक हसून म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या काळी माणसांना धीर होता.

सध्या माझा मुक्काम बहारीनमध्ये, जप्त केलेल्या वस्तूंच्या एका सरकारी कोठीत आहे. मी प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहे आणि माझ्या चापाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे. शेजारी काही सुरे आहेत. त्यांची आणि माझी ओळख नाही आणि मला ती करायचीही नाही. लवकरच मला कापून टाकणार आहेत, असे इथला शिपाई बोलताना ऐकले. त्याआधी मला तुमच्याशी बोलायचे आहे. माझ्यापायी एका सरळ माणसाचे नुकसान झाले, आणि मला तोंड असूनही त्या वेळी एक शब्द बोलता आला नाही.

माझी नळी दूर परदेशातल्या कारखान्यात घडली. दस्ता मात्र मुंबईच्या एका सुताराने शिसवी लाकडाचा बनवला आणि त्यावर पितळेची वेल जडवली. मुंबईच्या बाजारातून मला एका अरब नाखुदाने विकत घेतले. नाखुदा म्हणजे गलबताचा कप्तान. त्याचे घर बहारीनच्या मुहर्रक गावात होते आणि त्याचे गलबत मोत्यांसाठी समुद्रात जात असे. मोसम संपवून गलबत परत आले की बंदराजवळ नाखुदा मला आकाशाकडे धरून बार उडवी. तो आवाज ऐकून घराघरांतून बायका किनाऱ्याकडे धावत येत. माझ्या आवाजाने लोक घाबरत नसत, आनंदाने रडत. एवढा मान किती हत्यारांना मिळतो, सांगा बरे!

माझ्या हातून माणूस कधी मेला नाही. एकदा नाखुदाने एका मोठ्या माशावर नेम धरला होता. मासा वाचला आणि नाखुदाची टोपी पाण्यात पडली. माझे शौर्य म्हणाल तर एवढेच.

पुढे मोत्यांचा धंदा बसला. गलबते वाळूवर कलंडली. नाखुदा गेला, त्याचा मुलगा गेला, आणि मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवरच्या खिळ्याला लटकू लागलो. नाखुदाच्या नातवाने मला रीतसर सरकारदरबारी नोंदवले आणि तो कागद काचेच्या चौकटीत घालून माझ्या खालीच टांगला. मित्रांनो, खरे सांगतो, मला त्या कागदाचा राग यायचा. पाहुणे एकदा मला बघत आणि मग मान खाली करून बराच वेळ कागद वाचत. आपण एवढे पितळेच्या वेलीचे, आणि कौतुक कागदाचे, असे मला वाटायचे. तो कागद माझ्यासाठी काय होता, ते मला फार उशिरा कळले.

त्या नातवाचा मुलगा अन्सार. आता तोही म्हातारा झाला आहे. त्याची मुले शिकली, नव्या वस्तीत राहायला गेली. मला पुसायला कोणाला वेळ नव्हता. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझी नळी गंजली, घोडा अडकला. ज्याला तुम्ही हातोडीसारखा पडणारा भाग म्हणाल, त्याला आमच्यात घोडा म्हणतात. तो पडला की बार उडतो. माझा घोडा कित्येक वर्षे अर्ध्यावर थांबून होता.

अशा दिवसांत गुरुप्रसाद आला. तो मूळचा पुण्याचा, इथल्या एका बँकेत हिशेबनीस. अन्सारचे खाते त्याच बँकेत असल्याने दोघांची ओळख झालेली. कॉफी पिता पिता त्याची नजर माझ्यावर गेली आणि तिथेच खिळली. त्याला जुन्या हत्यारांचा छंद होता. तो उठला, माझ्याजवळ आला आणि इतक्या हळू आवाजात "अरे वा!" म्हणाला की माझ्या गंजक्या नळीतही काहीतरी हलले. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला आधी पाहिले होते आणि कागद नंतर.

अन्सारला हिंदी चांगले येते. मित्राला तो अरबीत सदीक म्हणतो. तो म्हणाला, "तुमको इतना पसंद है तो ले लो, सदीक. मेरे बच्चों को तो ये पुराना लोहा लगता है. लेकिन पेपर पहले. मेरे साथ ऑफिस चलो, पूछो, तुमको इजाज़त मिलती है क्या. फिर तमंचा."

"हां हां, पेपर करेंगे ना," गुरुप्रसाद म्हणाला. "अभी सिर्फ साफ करने ले जाता हूं. बहुत जंग लगा है. पेपर अगले हफ्ते."

"इंशाल्ला बोलो," अन्सार म्हणाला.

"इंशाल्ला," गुरुप्रसाद म्हणाला आणि मला टॉवेलात गुंडाळून गाडीत ठेवले.

भिंतीवर रिकामा खिळा राहिला आणि त्याखाली माझा कागद. त्या दिवशी मी आणि माझा कागद वेगळे झालो. मला काहीच वाटले नाही. उलट सुटलो, असे वाटले. माझ्या मूर्खपणाची ही पहिली खूण.

गुरुप्रसादचा फ्लॅट उम्म अल हस्सम नावाच्या वस्तीत होता. घरात त्याची बायको स्मिता आणि मुलगी श्रेया. शुक्रवार-शनिवारची सुट्टी आली की तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचा आणि मला घासायला बसायचा. तेल, कापूस, मऊ ब्रश. ब्रश दातांचा होता. स्मिता म्हणायची, "स्वतःचे दात कधी इतक्या मायेने घासलेत का हो?" पण तिलाही मी आवडत होतो. वेलीतले पितळेचे एक पान निसटलेले होते, ते तिनेच चिमट्याने बसवले. आणि एक दिवस माझा अडकलेला घोडा खट्कन पडला. गुरुप्रसाद खुर्चीतून उठून नाचला. मित्रांनो, मी त्या माणसाला वाईट कसे म्हणू? त्याने मला पुन्हा जिवंत केले.

दिवाणखान्यात काचेचे कपाट आले, आत दिवा लागला आणि मी मखमलीवर विराजमान झालो. येणाऱ्या प्रत्येकाला तो मला दाखवी. "अमोल ठेवा आहे," तो म्हणायचा, आणि माझी नळी अभिमानाने तापायची.

पण हौस एका जागी बसत नाही. माझ्यामागून एक कट्यार आली, मग दारू ठेवायचे शिंग आले, मग दुसरा एक तमंचा आला. कट्यार कोणाला तरी दिली आणि बदल्यात म्यान घेतले. तो दुसरा तमंचा दुरुस्त करून अस्कर गावच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअराला विकला. फोनवर हौशी लोकांचा एक ग्रुप होता. तिथे रोज फोटो टाकायचे, देणे-घेणे ठरवायचे. कपाटातले चेहरे बदलत राहिले. मी मात्र होतो तिथेच होतो, आणि त्याचाही मला गर्व होता.

एका शुक्रवारी अन्सार जेवायला आला. स्मिताने त्याच्यासाठी पुरणपोळी केली होती. जेवण झाल्यावर अन्सारने कपाटाकडे पाहून विचारले, "पेपर हो गया?"

गुरुप्रसाद हसला. "होगा, होगा. इतनी क्या जल्दी है?"

"जल्दी नहीं है तो देर भी क्यों है?" अन्सार म्हणाला. "और अब तो तुम बेचते भी हो. तुमको तो बेचने का भी लायसन पूछना पड़ेगा."

गुरुप्रसाद स्मिताकडे वळून मराठीत बोलू लागला, जसे काही निवाडा तीच करणार होती. "आता मी काय दुकानदार आहे का? लायसन्स दुकानदाराला. त्याला दुकान असतं, तिजोरी असते, तो पोट भरतो त्याच्यावर. मी हौशी माणूस. वर्षातून एखादी वस्तू इकडची तिकडे. आणि या वस्तूंनी काय होणार आहे? शंभर वर्षांत या तमंच्याचा बार उडालेला नाही. हौशी माणसाला दुकानदाराचे नियम लावले तर उद्या कोणी जुनी वस्तू जपणारच नाही. सगळ्या भंगारात जातील."

"पण तुम्ही विकता ना?" स्मिता म्हणाली.

"विकणं वेगळं, देणं-घेणं वेगळं."

श्रेया फोनवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू आर बेसिकली अ शॉप. जस्ट विदाउट द बोर्ड."

स्मिता हसली, पण लगेच गंभीर झाली. "अहो, नियम चुकीचा असेल तर तसं जाऊन सांगा त्यांना. नाही म्हणाले तर हा परत अन्सारभाईंच्या भिंतीवर. पण विचारा तरी."

"विचारायला जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण," गुरुप्रसाद म्हणाला. "आज कोणाला माहीत नाही. विचारलं की माहीत होणार."

मित्रांनो, त्याचे सगळेच म्हणणे खोटे नव्हते. हौशी माणसे नसती तर मी गंजून गेलो असतो. त्यांच्यासाठी सोपा, वेगळा नियम असावा, असे मलाही वाटते. पण नियम अवघड आहे म्हणून तो पाळायचाच नाही, आणि अवघड आहे हे कोणाला सांगायचेही नाही, हे काही बरे नव्हे. अन्सारने आपली कॉफी संपवली आणि तो विषय तिथेच राहिला. जाताना तो माझ्याकडे बघून गेला. मला आता वाटते, त्याने त्याच वेळी मला उचलून न्यायला हवे होते. त्यालाही तसेच वाटते, हे मी पुढे ऐकले.

नंतर पुण्याचा एक हौशी त्या ग्रुपवर आला. त्याच्याकडे नक्षीकाम केलेले एक दुर्मीळ शिंग होते आणि त्याला मी हवा होतो. गुरुप्रसाद कित्येक दिवस कपाटासमोर येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्याने मन घट्ट केले. आता प्रश्न मला पाठवायचा होता. "कुरिअरवाले सतराशे साठ प्रश्न विचारतात," तो फोनवर त्या पुणेकराला सांगत होता. "आणि हत्यार कसलं हो, लोखंडाचा तुकडा आहे. जाणाऱ्या कोणाबरोबर तरी देतो."

हे ऐकून मला फार लागले. पाहुण्यांसमोर मी अमोल ठेवा, आणि कायद्याची गोष्ट निघाली की लोखंडाचा तुकडा!

'जाणाऱ्याबरोबर देणे' ही इथल्या आपल्या माणसांची जुनी रीत आहे. कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्याकडे आठ घरची पार्सले येतात. कोणाचा साबण, कोणाचे खजूर, कोणाच्या बहिणीला ब्लँकेट. नेणारा पार्सलाचे वजन करतो, पण ते उघडत नाही. उघडले तर देणाऱ्याचा अपमान होतो. आणि विमानतळावर कोणी विचारले, सामान कोणाचे, तर सगळ्यांनी शिकवलेले एकच उत्तर द्यायचे की सगळे माझेच आहे. दुसऱ्याचे म्हटले की उगीच चौकशी होते आणि विमान चुकते. आजवर या रीतीने कितीतरी घरांत खजूर पोहोचला. कोणाचे काही बिघडले नव्हते.

त्या वेळी निघाला होता बाळाजी. तो बँकेची गाडी चालवायचा. राजापूरकडचा, चाळिशी ओलांडलेला, बोलायला मऊ माणूस. गुरुप्रसादने त्याला घरी बोलावले. त्याआधी दुपारी, स्मिता बाहेर गेलेली असताना, त्याने मला कपाटातून काढले, फडक्यात बांधले आणि एका जाड लाल ब्लँकेटाच्या घडीत घालून चारी बाजूंनी टाके घातले. वर प्लास्टिकची पिशवी बसवली. कपाटाला त्याने आतून पडदा लावला. मला अंधारात फक्त आवाज ऐकू येत होते.

"बसा ना बाळाजी," स्मिताचा आवाज आला. "चहा घ्या. अचानक कशी काय सुट्टी?"

"अचानक नाय वहिनी, महिना झाला मागतोय," बाळाजी म्हणाला. "वडील गेले ना शिमग्यानंतर. त्यांच्या नावावर शेताच्या राखणीची बंदूक हाय. ठासणीची. वडील गेले तशी ती ठाण्यात जमा केली. आता वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करायचाय. साहेबांसमोर मला स्वतःला उभं राहायला पाहिजे. तारीख मिळालीय."

"बंदूक लागते अजून?"

"लागते म्हणजे? रानडुकरं एका रात्रीत अख्खे वाफेच्या वाफे उलटे करतात. बार काढला की पळतात, मारायला नको. घरात आमची मंडळी एकटीच असते. गंगूबाई नाव तिचं, तिला विचारा डुकरांचा ताप. यंदा भात हातचं गेलंच अर्धं."

"आणि परवाना मिळेल ना?"

"मिळणार. आमच्या घरात कोणावर एक केस नाय. निवडणूक लागली की वडील बंदूक चादरीत गुंडाळून ठाण्यात नेऊन द्यायचे, निकाल लागला की आणायचे. पोलीस म्हणायचे, म्हाताऱ्या, तू बोलवायच्या आधीच हजर! तेच बघतात ना ते. माणूस सरळ हाय का नाय."

ब्लँकेटात गुंडाळलेल्या माझ्या अंगावर काटा आला. ती बंदूक माझीच जातवाली होती. माझ्यासारखीच ठासणीची, माझ्यासारखीच म्हातारी. पण तिला माणूस उजळ माथ्याने चादरीत घेऊन ठाण्यात जात होता, आणि मला ब्लँकेटात लपवले होते.

गुरुप्रसादने हे सगळे ऐकले. मला वाटले, आता हा म्हणेल, राहू दे बाळाजी, ब्लँकेट नको नेऊस. तो एवढेच म्हणाला, "हे एवढं मुंबईला द्यायचं होतं. विमानतळावरच माणूस येईल घ्यायला."

"द्या की साहेब," बाळाजी म्हणाला. "ब्लँकेटच हाय ना?"

"हो, ब्लँकेटच."

स्मिताने बाळाजीच्या घरासाठी पिस्त्यांची पुडी दिली आणि तो मला खांद्यावर टाकून निघाला. वाटभर तो गुणगुणत होता. मला ओरडावेसे वाटत होते. पण दारूशिवाय माझ्या तोंडून आवाज निघत नाही.

विमानतळावर त्याची बॅग यंत्रातून गेली आणि थांबली. कोणीतरी ती उचलून टेबलावर ठेवली.

"धिस बॅग यूवर्स?"

"येस सर."

"यू पॅक? एव्हरीथिंग यूवर्स?"

"येस सर, माय बॅग. ऑल माय सामान," बाळाजी ठरलेले उत्तर देऊन मोकळा झाला.

कात्रीने टाके तुटले, ब्लँकेट उलगडले आणि उजेडात मी दिसलो. बाळाजीने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर आधी नुसते नवल होते. ठासणीच्या घोड्यावरून, चापावरून त्याची नजर फिरली आणि मी काय आहे ते त्याला कळले. मग तो खाली बसला. खुर्चीवर नव्हे, जमिनीवर.

त्याला आतल्या खोलीत नेले. मी टेबलावर आणि तो समोर. अधिकारी तरुण होता, आवाज न चढवता बोलत होता. पण त्याच्यासमोर माणूसही होता, हत्यारही होते आणि 'सगळे माझे' हे शब्दही होते. बाळाजीने ब्लँकेटाकडे बोट दाखवले. मग म्हणाला, "सर, ये कंबल मेरे साहब ने दिया. साहब को पूछो. वो बोलेंगे. अच्छा आदमी है."

अधिकाऱ्याने फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. गुरुप्रसादचा आवाज खोलीत आला. अधिकाऱ्याने काय सापडले ते सांगितले. गुरुप्रसाद म्हणाला, "यस... आय गेव्ह द ब्लँकेट. बट आय डोन्ट नो एनिथिंग अबाउट... धिस अदर थिंग."

'धिस अदर थिंग' म्हणजे मी. ज्याला त्याने दातांच्या ब्रशने घासले, ज्याचा घोडा पडला तेव्हा तो नाचला, तो मी. पण मित्रांनो, माझे दुःख मला त्या वेळी आठवलेही नाही. मी बाळाजीकडे पाहत होतो. तो फोनकडे पाहत होता, आणि फोन बंद झाल्यावरही पाहतच राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होते आणि पुरावा म्हणून टेबलावर मीच होतो.

त्याचे विमान गेले. त्याला कोठडीत ठेवले. गावची तारीखही गेली.

गुरुप्रसाद आला, पण वरातीमागून घोडे यावेत तसा. त्याला आणले स्मिताने. धूळ झटकताना तिने कपाटाचा पडदा सरकवला आणि मखमलीवर माझा नुसता ठसा पाहिला. बाळाजी पकडला गेल्याचे बँकेतून तिच्या कानावर आलेच होते. ती नवऱ्याला एवढेच म्हणाली, "गाडी काढा." वाटेत त्यांनी अन्सारला घेतले. अन्सारने माझा कागद चौकटीसकट आणला होता. काचेवर अजून त्याच्या भिंतीची धूळ होती.

गुरुप्रसादने सगळे खरे सांगितले. सांगताना तो रडला. अधिकाऱ्याने माझा कागद पाहिला, मला पाहिले आणि इंग्रजीत म्हणाला की हे घेऊन तुम्ही आधी विचारायला आला असतात, तर निदान बोलता आले असते. कदाचित आम्ही नाही म्हटले असते. पण मग आज या खोलीत कोणीच नसते.

बाळाजीला सोडायला कोठडीतून बाहेर आणले. गुरुप्रसाद त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "बाळाजी, मी घाबरलो रे. फोन आला आणि मी घाबरलो. माफ कर. तुझं काय नुकसान झालं असेल ते मी..."

"साहेब, फोनचं सोडा," बाळाजी म्हणाला. त्याचा आवाज अजूनही मऊच होता. "घाबरतो माणूस. मी पण घाबरलो. पण घरी चहा पीत होतो, तेव्हा तर कोणी घाबरलं नव्हतं. मी विचारलं, ब्लँकेटच हाय ना? तुम्ही हो म्हणालात."

गुरुप्रसादचे जोडलेले हात खाली आले.

"आत काय हाय ते सांगितलं असतंत, तर मी नेलं नसतं," बाळाजी म्हणाला. "तुम्हाला ते माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाय."

एवढे बोलून तो वळला. जाताना स्मिताला मात्र "येतो वहिनी" म्हणाला. स्मिता तिथेच तोंडावर पदर धरून रडली. अन्सार माझ्या कागदाची चौकट पोटाशी धरून उभा होता. तो आपल्याशीच म्हणत होता, "मुझे देना ही नहीं था. पेपर के बिना देना ही नहीं था."

पुढचे मला शेवटच्या सुनावणीत कळले. माझे काय करायचे ते ठरवायला मला तिथे नेले होते. अन्सारने मला परत मागितले. पण कागदापासून तुटून मी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या हाती गेलो, देशाबाहेर निघालो. आता तो कागद मला वाचवू शकत नव्हता. गुरुप्रसादला दंड झाला, नोकरी गेली, आणि तो सामान बांधून पुण्याला निघाला आहे. त्याचे कपाट स्मिताने देऊन टाकले. बाकावर बसून स्मिता अन्सारला हलक्या आवाजात सांगत होती. बाळाजी निर्दोष सुटला, पण बँकेने त्याचा व्हिसा पुढे वाढवला नाही. गावी ठाण्यात त्याला विचारले, कधी कुठल्या हत्याराच्या प्रकरणात अटक झाली होती का? बाळाजी सरळ माणूस. त्याने हो म्हणून सांगितले. निर्दोष सुटलो, हेही सांगितले. पण तिथल्या साहेबांनी मान हलवली आणि अर्ज बाजूला ठेवला. गंगूबाईने स्मिताला फोनवर सांगितले, की बाळाजी आता रात्री पत्र्याचा डबा वाजवत शेताला फेऱ्या घालतो. डुकरे काही डब्याला घाबरत नाहीत.

आणि ती बंदूक? जिला वारस मिळत नाही, ती बंदूक शेवटी तोडून टाकतात. ती तिकडे ठाण्याच्या कोठीत आहे, मी इकडे. आम्ही दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही.

तर मित्रांनो, हौसेला मोल नाही म्हणतात. मी म्हणतो, असते. फक्त ते हौस करणाऱ्यालाच भरावे लागते असे नाही. जुन्या वस्तू जपा. आम्हाला तेल लावा, आमचे अडकलेले घोडे सोडवा, आमच्या गोष्टी पोरांना सांगा. पण आम्ही हत्यारे आहोत, हे आमच्यावर प्रेम करतानाही विसरू नका. आम्हाला घ्यायचे, द्यायचे, विकायचे असेल तर आधी जाऊन विचारा. नियम जाचक वाटला तर तो बदला म्हणून मोठ्याने भांडा. नाही म्हणाले तर आम्हाला भिंतीवरच राहू द्या. आम्हाला एकटेपणाची सवय असते.

आणि कोणी तुमचे पार्सल विश्वासाने खांद्यावर घेऊन विचारले, आत काय आहे, तर त्याला खरे सांगा.

दाराशी शिपायाच्या किल्ल्या वाजताहेत. एकच वाटते. कापायच्या आधी कोणीतरी मला आकाशाकडे धरून एक बार उडवावा. समुद्रापलीकडे राजापूरच्या शेतात तो ऐकू जावा, आणि निदान एका रात्रीपुरती ती डुकरे पळून जावीत.